मामाची जागा आणि ताईची गुळवेल

सातपूर, नाशिक

ती. ताईस,

गोरक्षचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांग (ते अजून माझा नमस्कार घेत असतील तर). मागाच्या खड्ड्यात उतरताना दाजींचा गुडघा आता कुरकुरत नसेल, निकिताची पैठणी पदरापर्यंत पोचली असेल आणि येवल्यात सगळे खुशाल असतील, असं धरून चालतो. पत्र बघून तू घाबरशील म्हणून आधीच सांगतो, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडतेस आणि मग माझं पोट अख्ख्या गल्लीत पोचतं. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहावं, तर सगळे हात जोडल्याची चित्रं टाकून मोकळे होतात. शिवाय झालंय काय, हे मला स्वतःलाच धड कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल अशी आशा आहे.

पहिली गोष्ट निकिताच्या साखरपुड्याची. माइकवरून ‘मुलीचे मामा, मुलीचे मामा’ असं पुकारलं जात होतं आणि व्याही टोपी-टॉवेल-नारळ घेऊन उभे होते, तेव्हा मी रुसून बसलो होतो, असं दाजी सगळीकडे सांगतात. बसलो होतो हे खरं आहे. पण कार्यालयाच्या मागच्या बाजूला, कडी नसलेलं संडासाचं दार एका हातानं ओढून धरून बसलो होतो, आणि तिथंही माइक अगदी स्वच्छ ऐकू येत होता. बाहेर आलो तोवर माझा नारळ आपल्या चुलतभावाला, यादवला, दिला गेला होता (त्यानं तो घेतलाही). मंडपात सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी हसलो. ते हसणं दाजींना जास्त लागलं म्हणे.

तर आजार असा आहे की मोठ्या आतड्याला सूज येते आणि आत जखमा होतात. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा जंतूंचा आजार नाही, तुमची प्रतिकारशक्तीच चुकून तुमच्या आतड्यावर तुटून पडते. मला आमच्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन आठवला, जो भंगार चोरणाऱ्याला सलाम ठोकतो आणि मला रोज ओळखपत्र मागतो. गोळ्या झाल्या, स्टेरॉइड झालं (त्यानं तोंड इतकं फुगलं, की उज्वलाच्या माहेरी माझी तब्येत सुधारली म्हणून कौतुक झालं), आणि आता शिरेतून द्यायचं औषध सुरू केलंय. त्याला बायोलॉजिक म्हणतात. जिवंत पेशी वाढवून त्यांच्याकडून ते कारखान्यात बनवून घेतात. मी जन्मभर कारखान्यातच आहे, पण पेशींना शिफ्ट कशी लावतात हे काही डोक्यात शिरलं नाही. उज्वलानं ते शाकाहारी आहे का, एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, यातला थोडा भाग मूळचा उंदराच्या प्रथिनाचा आहे. उज्वला म्हणाली की गणपतीचं वाहन आहे तर चालेल, फक्त संकष्टीला नको. तारीख नेमकी संकष्टीलाच आली. सलाईननं उपास मोडतो का, हे बाईंनाही सांगता आलं नाही.

आधी छातीचा फोटो, क्षयाची तपासणी, काविळीची तपासणी असं सगळं झालं. मग एका आरामखुर्चीत बसवून हाताला सुई लावली आणि थेंब थेंब औषध सोडलं. नर्स सारखी येऊन बीपी बघते आणि खाज येतेय का विचारते (तिनं विचारेपर्यंत येत नसते). शेजारच्या खुर्चीत पंचवटीतले फकिरा म्हणून एक भाजीवाले होते, हेच औषध बरीच वर्षं घेणारे. ते चक्क घोरत होते. त्यांना जाग आल्यावर मी विचारलं, काही गुण येतो का. ते डोळे मिटूनच म्हणाले, “भाऊ, कोणत्या चौकात संडास हे, ते मी आता इसरून गेलो.” ताई, मला नाशिकमधले सगळे पाठ आहेत. मला त्या माणसाचा एवढा हेवा वाटला की काय सांगू.

आता जे लिहितो त्याचा राग मानू नकोस. दुसऱ्या डोसाच्या वेळी माझ्या यकृताचा रिपोर्ट बिघडलेला आला. बाई गोंधळल्या. आणखी काही घेता का, असं त्यांनी विचारलं, तर मी छातीठोकपणे नाही म्हणालो. काढा मी घेतो असं मला कधी वाटलंच नव्हतं, तो उज्वला पाजते. तीच अभिमानानं पुढं झाली आणि म्हणाली, “प्रतिकारशक्ती वाढायला रोज गुळवेल देते ना मी, आमच्या वन्संनी येवल्याहून मुद्दाम पाठवलीय.” बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणजे दवाखान्यात जाऊन वॉचमनला झोपवायचं आणि घरी सकाळी त्याला उठवून खुराक द्यायचा, असं आमचं चाललं होतं. यकृतालाही गुळवेलीनं त्रास होऊ शकतो म्हणे. काढा बंद झाला आणि डोस पुढं ढकलला. जन्मभर प्रतिकारशक्ती वाढवा असंच ऐकलं, आणि आता ती कमी करायला मी रिक्षा करून जातो. कुणाला सांगायला गेलो तर तो माझ्या कपाळाला हात लावून बघतो.

पुढं रिपोर्ट सुधारला आणि मागच्या आठवड्यात डोस मिळाला. गुण येतोय का, ते मात्र सांगता येत नाही. उज्वला रोज विचारते, मी रोज बघू म्हणतो. काळजी आजाराची तेवढी नाही, जेवढी लग्नाची आहे. मंगलाष्टकं चालू असताना मामानं मुलीच्या मागं उभं राहायचं असतं, आणि तिथून मध्येच पळता येत नाही. दाजींनी यादवसाठी फेटा सांगून ठेवलाय, हे माझ्या कानावर आलंय. परवा निकिताचा फोन आला होता. म्हणाली, “मामा, तू मागं उभा राहा, मग मला कशाचीच भीती नाय.” मी हो म्हटलं आणि फोन ठेवून रडलो. मला ती जागा यादवला द्यायची नाही, ताई. पण हो कशाच्या जोरावर म्हटलं, ते मला माहीत नाही.

दाजींना सगळं समजावून सांग (संडासाच्या दाराचं हळू आवाजात सांग). निकिताला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
गोरक्ष

ता. क. : खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. मंगलाष्टकं पाचच ठेव. दाजींच्या झुंबरआत्या स्वतः रचलेलं म्हणतात, त्यात दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांची नावं येतात, वारलेल्यांचीसुद्धा. त्यांना काहीही करून थांबव. सर्दी झाली म्हणून सांग, घसा बसला म्हणून सांग. आणि कार्यालयाच्या त्या दाराला कडी बसवून घे.

आणखी ता. क. : गुळवेल पुन्हा पाठवू नकोस. तू पाठवलेली फेकून देववेना म्हणून उज्वलानं कांड्या कुंडीत खोचल्या, तर त्यांना पालवी फुटलीय. गुण गुळवेलीला आला.

शेवटचा ता. क. : पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात उज्वला दिवा लावायला आली आणि म्हणाली, “अहो, दुपारचं जेवण झाल्यापासून तुम्ही या खुर्चीतून उठलाच नाहीत.” मी म्हटलं, असं कसं होईल. मग पत्र पहिल्यापासून वाचून पाहिलं. कुठंही मध्येच तुटलेलं नाही, अक्षरसुद्धा घाईचं नाही. वर्षभरात एवढं लांब काही मी एका बैठकीत केलेलं नाही, ताई. झुंबरआत्यांना म्हणावं, गा. सगळ्यांची नावं घ्या, वारलेल्यांचीही घ्या. यादवचा फेटा रद्द कर, पोरीच्या मागं मी उभा आहे.

(कडी मात्र बसवून घे.)