शिखर राहू दे, तळ्यापर्यंत जाऊ

प्रिय बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे आणि वेळेवर जेवते, हे आईला आधी सांगा.

तुम्ही इकडे आलात की काय काय बघायचं, याचा बेत मी रोज करते आणि रोज मोडते. वर्गात शिकवतानाही तेच डोक्यात घोळत असतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही तुम्हाला डोंगराच्या शिखरावरच जायचंय, म्हणून काल रविवारी मी ती वाट बघायला गेले.

अर्ध्यावर धुकं उतरलं आणि पायवाटच दिसेना. एका दगडावर बसून हाका मारत राहिले. शेवटी वनरक्षक आला. मला काही झालं नाही, कोपर तेवढं खरचटलं. हे आईला वाचून दाखवू नका.

उतरताना तो म्हणाला, "वडिलांना आणणार असाल तर सकाळी लवकर निघा. आणि त्यांच्या पुढे पळू नका."

त्या दगडावर सारखं मनात येत होतं, आत्ता बाबा सोबत असते तर मी काय केलं असतं? रात्री डोळा लागला नाही.

तेव्हा शिखर राहू दे. आपण खालच्या तळ्यापर्यंत जाऊ, रस्ता सपाट आहे. नवे बूट घेऊ नका, चावतात, जुनेच आणा. कानटोपी आणा. काठीही आणा, इथे तरुण माणसंसुद्धा काठी घेऊन चालतात.

जिना चढताना अजून कठडा धरता का? खरं लिहा. धरत असलात तरी या. तळ्याकाठी बाक आहे. आज शाळा सुटल्यावर जाऊन बसून बघितला, दोघांना पुरतो.

वाट बघणारी,
तुमची धाकटी