मिरवणुकीतलं मशीन

किनवट

प्रिय अप्पा,
जयभीम.

तुम्हाला जाऊन आज तीन महिने झाले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकू ते कळत न्हाई, तरी लिहून राहिले.

चारोळी फोडायचं माझं मशीन, दाणा न तुटता टरफल काढणारं, त्याचा पेटंटचा अर्ज मागच्या वर्षी फेटाळला गेला. मी अर्ज करायच्या आधीच तुम्ही ते भीमजयंतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर ठेवून चालवून दाखवलं होतं, आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला होता. आधीच जगजाहीर झालेल्या वस्तूला पेटंट मिळत न्हाई, असं नांदेडचे वकील म्हणाले. घरी येऊन मी तुमच्यावर ओरडले, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे शहाणपण करायला? माझी कंपनी बुडवली तुम्ही."

त्यानंतर तुम्ही मशीनच्या खोलीत पाऊलही टाकलं न्हाई.

तो व्हिडिओ मी रागानं कधी पुरा पाहिलाच नव्हता. नुसती तारीख पाहिली होती. काल तुमचा आवाज ऐकावा वाटला, म्हणून लावला. डीजे थांबवायला लावून, माईक हातात घेऊन तुम्ही म्हणता, "हे मशीन माझ्या लेकीनं केलंय, विशाखानं. सगळ्यांनी नीट पाहून ठेवा. उद्या कुणी मोठा माणूस 'माझं हाय' म्हणाला, तर सगळ्यांनी साक्षीला यायचं."

अप्पा, का दाखवलं, एवढं तरी मी विचारायला पाहिजे होतं.

तुमची,
विशू