ओबीला लावलेला कौल

॥ श्री ॥
दुर्गाघाट, बनारस
३ मे १९६७

सौ. ताईस ढुंढूचा सा. न. वि. वि.

आधी गुन्हा सांगतो, खुशाली मागाहून. ताई, मी आपल्या देवीचा कौल लबाडीने फिरवला. हो, देव्हाऱ्यातल्या देवीचाच. आता कपाळाला हात लाव, पण भाओजींना हाक मारू नकोस. हे पत्र एकटीने वाच.

तुझ्या सासरी कौलाची रीत नाही. जबलपूरचं पाणी पिऊन तू विसरली असशील, म्हणून आठवण करून देतो. अण्णा देवीला स्नान घालतात. ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक कळी नुसत्या पाण्याने चिकटवायची आणि विचारणाऱ्याने हात जोडून मनात विचारायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अण्णांचा हात कापायला लागल्यापासून कळ्या मी लावतो. घरात विश्वासाने माझ्याकडे दिलेलं एवढं एकच काम, त्याचीही मी वाट लावली.

विचारणारा ओबी. आईच्या पत्रांत त्याच्याबद्दल वाचलं असशीलच. पूर्ण नाव ओबिओरा, नायजेरियाचा, विश्वविद्यालयात इंजिनिअरिंगला. मागल्या वर्षी दशाश्वमेधवर मी त्याला नागपूरच्या यात्रेकरूंपुढे आफ्रिकेच्या राजाचा धाकटा मुलगा म्हणून उभं केलं. दोन म्हाताऱ्या पाया पडल्या. हा पठ्ठ्या रागावला तर नाहीच, उलट गंभीर तोंड करून त्याने हात वर केला आणि आशीर्वाद दिला. म्हटलं, हा आपल्यातला. घरी आणला. पहिले काही रविवार अण्णांनी त्याला बाहेर चबुतऱ्यावरच वाढायला लावलं. मग एक दिवस आईने न विचारता त्याचं पान आत मांडलं आणि अण्णा गुमान शेजारी बसले. आता तो आमटी भुरकून पितो आणि मला गणित शिकवतो. मी इंटरला दोनदा आपटलो हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण तुला जमेल म्हणणारा तो एकटाच.

त्याची शेवटची परीक्षा झाली. तो आणि त्याचा दोस्त दानलादी, दोघांनी थंडीभर हॉस्टेलात एकाच टेबलावर बसून कॅनडा-इंग्लंडच्या युनिव्हर्सिट्यांचे फॉर्म भरले. दानलादी त्यांच्या देशाच्या उत्तरेचा, मुसलमान. ओबी पूर्वेचा, ख्रिस्ती. मागल्या वर्षी तिकडे उत्तरेत पूर्वेकडच्या लोकांची कत्तल झाली, ओबीचा काका अंगावरच्या कपड्यांनिशी गावी परतला. पण हे दोघं आजही एकाच दोन्यातली कचौडी खातात. फॉर्मात विचारलेलं असतं, शिकून काय करणार. दोघांनी मिळून एक वाक्य तयार केलं आणि दोघांनी तेच लिहिलं. मी परत जाऊन माझ्या देशात पूल बांधीन.

फॉर्म गेले, पण ओबीचं मन काही स्थिर होईना. वडील लिहितात, पुढे शीक, इकडे येऊ नकोस. तो म्हणतो, पूल बांधणारे सगळे बाहेर बसले तर तिकडे कोण राहणार. सकाळी एक म्हणायचा, संध्याकाळी दुसरं. शेवटी त्याने अण्णांना विचारलं की तुमच्या देवीला माझ्यासाठी विचाराल का, आमच्या आजोबांच्या गावीही वडीलधारे असं विचारतात. अण्णा म्हणाले, ती कुणाचा धर्म बघत नाही, पण जे येईल ते मानायची तयारी असेल तरच विचार, उगाच तिला तसदी देऊ नकोस. ओबी म्हणाला, मानीन.

कॅनडाला जाऊ का, एवढंच विचारणार हे त्याने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्याच्या प्रोफेसरांनी इथेच पुढे शिक असंही सुचवलं होतं. म्हणजे बघ, कॅनडा नाही तर बनारस. बनारस म्हणजे रविवार, आमटी आणि गणित. मी उजव्या कळीला पतंग चिकटवायची लेई लावली. डावी टपकन पडली. उजवी जी चिकटली ती मला मागाहून नखाने खरवडावी लागली. अण्णा म्हणाले, इतका साफ कौल मी फार वर्षांत पाहिला नाही. मला हसू आवरेना म्हणून मी गंगेवर पळालो.

बाकी ठीक. आई संकठाजीच्या देवळाच्या पायऱ्या आता बसत-उठत चढते. भाओजींना नमस्कार. होता तितका लोभ तरी राहू दे.

तुझा
ढुंढू


जबलपूर
११ मे १९६७

चि. ढुंढूस ताईचे अनेक आशीर्वाद (आणि एक धपाटा, तो दिवाळीला येऊन देईन).

पत्र वाचताना आधी मला हसू आलं. आफ्रिकेचा राजपुत्र वाचून तर इतकी हसले की ह्यांनी आतून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आमच्या ढुंढूला नोकरी लागतेय. त्यावर तेही हसले.

मग मात्र हसू गेलं. लहानपणी नैवेद्याचा पेढा खाऊन तू उंदराचं नाव घ्यायचास. बिचाऱ्या उंदराला बोल लागायचा, तू सुटायचास. आता उंदराच्या जागी देवीला बसवलंस.

आणि मला एक सांग. कॅनडा नाही म्हणजे बनारस, हे ओबी म्हणाला की तूच ठरवलंस? तू लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. ओबीच्या बोलण्यात कॅनडा आहे आणि त्याचं घर आहे. बनारस कुठेच नाही, ते फक्त तुझ्या डोक्यात आहे. त्याला आजच्या आज गाठ आणि खरं सांग. अण्णा चिडतील, चार दिवस बोलणार नाहीत. चालेल. ते कधी चिडले नाहीत असं नाही.

आईला सांग, गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी
कालिंदीताई


॥ श्री ॥
दुर्गाघाट
१८ मे १९६७

सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं तेव्हा ओबी कँट स्टेशनवर होता आणि मी त्याची ट्रंक धरून उभा होतो. म्हणजे पत्र माझ्या खिशात होतं, डाकिया गल्लीच्या तोंडाशीच भेटला होता. गाडी सुटल्यावर फोडलं.

तू म्हणालीस तेच झालं. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. देवी एकीला नाही म्हणाली, म्हणून तो दुसरीने गेला. घरी. मुंबईहून विमान. सरकारी स्कॉलरशिपचं परतीचं तिकीट होतंच.

आता विचारशील, मी सांगितलं का नाही. ताई, मी सांगणार होतो. अगदी डब्यात चढलो होतो त्यासाठी. पण त्याआधी तोच बोलायला लागला. म्हणाला, वर्षभर मी धड झोपलो नाही, तुमच्या देवीने माझं ओझं उतरवलं. त्या दिवसापासून शांत झोपतो. आई विचारील का आलास, तर सांगीन की तुझ्यासारख्याच एका आईने धाडलंय. असं म्हणून हसला. आता ज्याचा चेहरा इतक्या दिवसांनी मोकळा झाला होता, त्या माणसाला मी लेईचं सांगू? माझ्या तोंडून एवढंच निघालं की पोचल्यावर पत्र टाक.

आईने तिळाच्या वड्या दिल्या, अण्णांनी गंगेची लोटी बंद करून दिली. तो अण्णांच्या पाया पडला. अण्णा म्हणाले, शब्द पाळलास, आता पुढची काळजी देवीची.

दानलादीही स्टेशनवर आला होता. गाडी हलली तरी दानलादी खिडकीचा गज धरून चालत होता.

रागावली असशील तरी लोभ सोडू नकोस.

तुझा
ढुंढू


जबलपूर
१६ जुलै १९६७

चि. ढुंढूस अनेक आशीर्वाद.

काल रेडिओवर सांगितलं. ओबीच्या भागाने निराळा देश पुकारला हे मागेच कळलं होतं, आता लढाई सुरू झालीये. ह्यांनी नकाशा काढून मला त्याचा गाव कुठे आहे ते विचारलं. मला सांगता येईना. एनुगू एवढंच आठवलं. तो पोचला का? पत्र आलं का?

आईने लिहिलंय की अण्णा हल्ली जेवणावरून उठून जातात. ढुंढू, आता हा खेळ नाही. अण्णांना सांग. त्यांना वाटत असेल की आपण शब्द घेऊन त्या पोराला पाठवलं. तू सांगितलंस तर त्यांचा राग तुझ्यावर येईल, पण स्वतःवरचा जाईल. तू सांगणार नसशील तर दिवाळीला मी येऊन सांगेन, ही धमकी समज.

तब्येतीला जप. तुझ्यावर माया आहे म्हणूनच लिहिते.

कालिंदीताई


॥ श्री ॥
दुर्गाघाट
२८ ऑगस्ट १९६७

सौ. ताईस सा. न. वि. वि.

ओबीचं पत्र नाही. पण ओबीला पत्र आलंय. कॅनडाहून. फॉर्मावर त्याने आमच्या घरचा पत्ता दिला होता, हॉस्टेल सोडावं लागेल म्हणून. दानलादीकडून वाचून घेतलं. प्रवेश मिळालाय, राहण्याजेवण्याची सोय त्यांचीच, सप्टेंबरात हजर व्हायचं.

मी ते घेऊन चौकातल्या डाकखान्यात गेलो. म्हटलं, एनुगूला पाठवा. बाबूने जाडं रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, तिकडची डाक बंद आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर गेलो, तिथेही तेच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाबूने मला चहा पाजला. ताई, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. चहा पाजला म्हणजे काहीच होणार नाही.

मग कॅनडाला लिहू म्हटलं, की बाबांनो, जागा ठेवा. दानलादीने इंग्रजीत लिहून दिलं. लिहिताना म्हणाला, कधीपर्यंत ठेवा म्हणून लिहू? ती तारीख तशीच कोरी सोडून टाकली.

दानलादीला इंग्लंडला जागा मिळाली. परवा गेला. त्याचा भाऊ तिकडे फौजेत घेतलाय. कुणाच्या विरुद्ध ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जाताना फॉर्मातल्या त्या पुलाच्या वाक्याचं बोलला. म्हणाला, दोघांनी एकाच शाईने 'माझा देश' लिहिलं, आता इंग्लंडातल्या साहेबाने विचारलं की कुठला, तर काय सांगू? मला नेहमी काहीतरी टवाळ सुचतं, तुला माहीत आहे. ह्या वेळी मी नुसती त्याची ट्रंक उचलली. माझं तेवढंच एक काम झालंय, ट्रंका उचलायचं.

अण्णांना अजून सांगितलं नाही. नवरात्रात सांगेन. अगदी शपथेवर.

लोभ उरला असेल तर राहू दे.

तुझा
ढुंढू


॥ श्री ॥
दुर्गाघाट
१५ ऑक्टोबर १९६७

सौ. ताईस ढुंढूचा सा. न. वि. वि.

नवरात्र बसतंय तोच पेपरात आलं की एनुगू सरकारी फौजेच्या हाती पडलं. अण्णांनी पेपर घडी करून पाटाखाली ठेवला आणि त्या दिवसापासून ते फक्त दूध घ्यायला लागले. आईला म्हणाले, नवरात्राचा उपास आहे. असला उपास त्यांनी जन्मात केला नव्हता. ते आईला असंही म्हणाले की मानायला मी त्याला भाग पाडलं, नाहीतर ते पोर आज बर्फात का होईना, पण असतं.

अष्टमीला मी ठरवूनच देव्हाऱ्यापाशी गेलो. आंघोळ केली होती, तोंडात वाक्य तयार होतं. अण्णा देवीला स्नान घालत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या हातात दोन कळ्या ठेवल्या. म्हणाले, लाव, मला विचारायचंय. काय ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं?

ताई, ह्या वेळी मी लेई लावली नाही. आईच्यान नाही. नुसत्या पाण्याने लावल्या, अगदी अण्णांनी शिकवल्या तशा. अण्णांनी डोळे मिटले. मीही मनात म्हटलं, देवी, त्या दिवशीचं पाप माझ्या पदरात घाल, आज खरं बोल.

डावी सरकायला लागली.

आधी वाटलं, मला भास झाला. मग ती आणखी सरकली. उजवी जागची हलेना. अण्णांचे ओठ हलत होते. ताई, मी हात पुढे केला आणि डावी कळी हवेतच झेलली. दुसऱ्या हाताने उजवीला टिचकी मारली. ती ताम्हनात पडली, टप्पकन आवाज झाला आणि त्या आवाजाने अण्णांनी डोळे उघडले.

उजवी पडलेली त्यांनी पाहिली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ते मोठ्याने ओरडले की अगं, पोर सुखरूप आहे, पान वाढ. ते जेवले. भात दोनदा मागितला. आईने पदर तोंडाला लावला. संध्याकाळी अण्णांनी स्वतः संकठाजीला जाऊन पेढे वाटले. सगळी गल्ली मला विचारतेय, ओबी कधी येतोय.

आता सगळ्या घरात झोप न येणारा मी एकटा. कधी वाटतं, कळी ती कळी, पाणी कमी लागलं असेल. कधी वाटतं, एकदा फसवल्यावर ती आपल्या घराशी बोलायचीच थांबली, मग डावी काय आणि उजवी काय. आणि कधी तेही वाटत नाही. कॅनडाचं पाकीट देव्हाऱ्यामागच्या फडताळात ठेवलंय. ती डावी कळी माझ्याकडे आहे. वाळून काळी पडली, पण टाकवत नाही.

तुझी धमकी लक्षात आहे. दिवाळीला जरूर ये, धपाटेही घाल, हवे तितके. लोभ कर किंवा करू नकोस.

तुझा
ढुंढू

ता. क. ताई, तुझ्या पाया पडतो, हे कुणाला सांगू नकोस. अण्णांना नको, आईला नको, भाओजींनाही नको. अण्णा आज सकाळीही पोटभर जेवलेत. आणि आल्यावर देव्हाऱ्यापुढे हात जोडशील ना, तेव्हा मनातसुद्धा हे म्हणू नकोस.