उसातून ओ

८ ऑक्टोबर १९८८
एसटीत तिकिटं फाडण्यात जन्म गेला. आज निवृत्तीनंतर पहिल्यांदा खिडकीशी बसून आलो आणि साक्रीपासून पिंपळनेरपर्यंत त्या पोरसवदा कंडक्टरला सुट्ट्या पैशांवरून मनसोक्त पिडलं. फार मजा आली.

थांब्यावर लोटन नाना बैलगाडी घेऊन उभेच होते. आमची ओळख माझ्याच गाडीतली. रानडुकरांनी त्यांचा ऊस लोळवून टाकलाय. मारायचा परवाना आला, पण गावात बंदूक कोणाकडे नाही. म्हणून माझ्या वडिलांच्या बाराबोर बंदुकीसकट मला जळगावहून आवतण. झुंबरअक्कांनी, म्हणजे नानांच्या मंडळींनी, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत असं काही वाढलं की डुकराआधी मीच आडवा झालो. मला इथे सगळे कंडक्टरभाऊ म्हणतात. ऐकायला बरं वाटतं.

९ ऑक्टोबर
सकाळी शेत पाहिलं. ऊस इतका दाट की बांधावरून हातभर आतलं दिसत नाही. बाजूच्या बाभळीवर मचाण बांधून घेतलं आणि सगळ्यांना बसवून नियम सांगितले. बंदूक आणि बस सारखीच, मागचं पाहिल्याशिवाय घंटी मारायची नाही. नळी रस्त्याकडे वळणार नाही. गोळी वरून खाली, जमिनीतच जाईल. आणि ऊस हलला तर आधी मी हाक देणार, "कोण आहे आत? नाव सांगा!" आत जो असेल त्याने नाव घेऊन ओ द्यायची.

माणसं आपापसात कुजबुजली. शेवटी चिंधा, नानांचा सालदार गडी, खाली मान घालून म्हणाला, "ऊसमा कोनी बोलस नही, भाऊ."

इथली रीतच तशी म्हणे. उसात कोणाला शोधायचं तर बांधावर डबा वाजवायचा, आतल्याने विळ्यावर दगड वाजवून उत्तर द्यायचं. तोंड उघडायचं नाही. का, ते कोणी धड सांगेना. मी हसलो. डबे वाजवले तर डुकरं शेजारच्या वावरात जातील, मग मी काय बाभळीच्या शेंगा मोजू? नाना कां-कू करत होते, पण पाहुण्याला नाही कसं म्हणणार! मी चक्क तालीमच घेतली. एकेकाला उसात उभं करून नाव घ्यायला लावलं. अक्का पदर तोंडाला लावून लाजल्या, पण आवाज खणखणीत. बांधाजवळ घुटमळणाऱ्यांना मी सवयीने ओरडत होतो, आत सरका, आत सरका. सगळे हसले. चिंधा तेवढा हसला नाही.

११ ऑक्टोबर
काल दिवेलागणीला मचाणावर बसलो. ऊस हलला. डुकराचाच अंदाज, कारण खालून कडाकडा मोडण्याचा आवाज येत होता. नियमाप्रमाणे हाक दिली. आतून उत्तर आलं, "मी शे, चिंधा." मी घोडा उतरवला, त्याला दोन शिव्या हासडल्या आणि खाली आलो. सकाळी पाहतो तर तेवढ्यातला ऊस भुईसपाट.

चिंधाला झापायला गेलो तर तो म्हणाला की काल तो पिंपळनेरच्या बाजारात होता आणि शेवटच्या गाडीने परत आला. त्याची बायकोही तेच सांगते. कोणीतरी माझी टर उडवतंय. सापडू दे, मग बघतो.

१२ ऑक्टोबर
आज नाना माझ्याबरोबर मचाणावर होते, मांडीला मांडी लावून. अजून ऊन होतं. ऊस हलला. मी हाक दिली.

आतून आवाज आला, "मी शे, लोटन."

नानांचाच आवाज. नाव घेताना ते थोडं खाकरतात, त्या खाकरण्यासकट. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला आणि तसंच मला खाली उतरवलं. ओट्यावर टेकल्यावर हळूच म्हणाले, "आतापावत त्याले आपलं नाव माहीत नव्हतं."

'त्याले' म्हणजे कोणाला, ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांचे वडील सांगत, उसात बोलू नये, एवढंच. उगाच घबराट नको म्हणून आम्ही हे कोणाला सांगितलं नाही.

ती तालीम मी घेतली. मी.

१४ ऑक्टोबर
झुंबरअक्का नाहीत.

सकाळी बांधावर गवत कापत होत्या. मी घरी दाढी करत होतो, नाना समोर बसलेले. चिंधा विहिरीवर होता. त्याने ऐकलं, उसातून माझ्या आवाजात हाक आली, कोण आहे आत, नाव सांगा. अक्कांनी मी शिकवल्याप्रमाणे नाव सांगितलं. मग माझाच आवाज म्हणाला, तिथे गोळी लागेल, आत सरका. आत सरका.

चिंधाला वाटलं भाऊच आहेत. तो धावला नाही.

गावाने अख्खा ऊस पालथा घातला. डबे वाजवले. विळ्यावर दगड वाजल्याचा आवाज कुठूनही आला नाही. गवताचा भारा बांधून तयार पडलेला. नाना मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मला भीती वाटते आणि लाज वाटते, आणि दोन्हींचा काही उपयोग नाही.

१५ ऑक्टोबर
ऊस तोडून टाकायचं ठरलं. एकही माणूस आत पाय घालायला तयार नाही. जाळावा, तर नाना आडवे पडले — ती आत आहे.

आहेच बहुतेक. दुपारी आवाज आला. "भाऊ, मी शे, झुंबर. गोळी नका घालू." रडत होत्या. ऊस हलत हलत बांधाकडे येत होता, खालून कडाकडा मोडत. बंदूक रोखली. अक्का असतील तर? नसतील तर? हात उतरला. ऊस स्थिर झाला.

पुन्हा तेच. पुन्हा. दिवे लागेपर्यंत.

१६ ऑक्टोबर
मचाणावरच आहे. बोलणं सोडलंय. जे बोलेन ते त्याचं होईल, म्हणून हे लिहितोय. नानांना सांगून ठेवलंय, खुणेने, की घराबाहेर पडू नका.

ऊन वर आलंय. अक्कांचा आवाज. आता रडत नाहीत. नानांना चहा ठेवू का विचारतायत. साखर कमी घालू का —

नाना आले. अनवाणी. हातात काही नाही.

हात हलवतोय. बघत नाहीत. चेहरा किती निवांत —

गोळी हवेत झाडली. दचकले. तरी चालतायत.

बांध ओलांडला. आता ओरडायलाच हवं, जे होईल ते — ओरडलो, नाना, थांबा!

थांबले. पण माझ्याकडे वळले नाहीत. उसाकडे बघतायत. हाक तिकडूनच —

पुन्हा ओरडतोय. तोंड उघडतंय, घसा ताणतोय, पण आवाज इथून निघतच नाही, तो तिकडून, आत सरका, नाना, आत —