चिमीचा घास

बुधवार, अमळनेर. दिवे लागायची वेळ.

चिमीने आजही काही खाल्लं नाही. जुलाब थांबेनात, म्हणून सकाळी मांजरीला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दूध बंद करा. आणि ती आजारी आहे म्हणून आम्ही तिला सारखं दूधच पाजत होतो! मग काय द्यायचं? तर उकडलेलं चिकन. आमच्या घरात? आईच्या गळ्यात तुळशीची माळ. मी बाहेर अंडं खाऊन आले तर अंघोळ केल्याशिवाय ती मला ओट्याजवळ येऊ देत नाही. मी सांगणारच नव्हते, पण तिने खोदून खोदून विचारलं. मग स्वतःच शेजारच्या फरीदाभाभींच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हळद-मीठ नको टाकजो व माय, बिमार शे ती."

संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून आईने ते चिकन बोटांनी कुस्करलं. आईच्या बोटांनी! नाकाला पदरही लावला नाही. घास चिमीच्या तोंडाशी धरला. चिमीने वास घेतला आणि मान वळवली. पुन्हा धरला, पुन्हा तेच. किती हलकी झालीय, उचलली की नुसती हाडं हाताला लागतात.

मला बघवेना. तांब्या नेऊन म्हटलं, "आई, हात धू, जेवून घे."

"ऱ्हाऊ दे. हातले वास शे. भूक लागनी ते चाटी ती."

अजून तिथेच बसलीय. एक हात माळेवर, दुसरा चिमीच्या तोंडाशी.