आंघोळ घालून आणलेली बाळं

आई, काल बैठकीत तुझा विषय निघाला आणि माझा नुसता जळफळाट झाला. तुला जाऊन वीस वर्षं झाली, तरी होतो. केशोरीकडच्या उपकेंद्रात तू नर्स होतीस, तिथल्याच दोन खोल्यांत आपण राहायचो, तेव्हा तुझ्या मांडीवर कायम कुणाचं तरी बाळ, आणि मी दाराशी. एकदा मी तापाने फणफणले होते. चुलीवर पेज शिजतेय, तू माझ्या कपाळावर पट्टी ठेवतेस आणि तेवढ्यात कुणीतरी बोलवायला येतं. मी पदर धरते. "सोड. तू का मरून राहिली का?" म्हणतेस आणि पिशवी उचलून निघून जातेस. त्या बाळाचा मी इतका दुस्वास केला, की ते मेलं तरी चालेल असंसुद्धा मनात आलं होतं.

आता मी लहान मुलांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. गावांहून येणारी नवजात बाळं आमच्याकडे पोचतात ती गार पडून. ते थांबावं म्हणून एक सुधारणा प्रकल्प आखायचं ठरलं. आधी कारण शोधायचं, मग एकच छोटा बदल करून बघायचा आणि दर आठवड्याला बाळांचं तापमान तपासून तो लागू पडतोय का ते पाहायचं. कारण मला पाठच होतं: लांबचा रस्ता आणि गाडीतला वारा. मी तक्तासुद्धा करून ठेवला होता.

केशोरीकडचीच एक नवी नर्स आलीय आमच्यात. तिने तक्त्याकडे बघितलंही नाही. चार दिवस ती बाळांच्या आज्यांजवळ जाऊन बसली. "सकाळपासून का का केलं ते सांगा जी." एक आजी म्हणाली, "मोठ्या डॉक्टरकडं गंदं लेकरू कसं आणाव? न्हाऊ घातलो, पावडर लावलो, मंगच निघालो." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. आमचा मान राखायला माणसं ओल्या केसांची बाळं तासभर वाऱ्यातून आणत होती. त्या पावडरचा वास मला इतकी वर्षं रोज येत होता आणि मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

काल बैठकीत डॉक्टरांनी तिला विचारलं, हे सुचलं कसं? "माझ्या जन्माच्या वेळी आमच्या गावात एक नर्सबाई यायच्या, सर. आई सांगते, आधी घरच्या म्हातारीजवळ बसायच्या, चहा प्यायच्या, सगळं ऐकायच्या, मंगच बाळाला हात लावायच्या." सगळे कौतुकाने ऐकत होते. त्या भागात तेव्हा नर्स तू एकटीच. माझ्या मनात एकच, की हिच्या आजीजवळ बसायला तुला वेळ होता. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. पहिला बदल कोणता, हे इन्चार्जने ठरवायचं होतं. "गाडीत जास्तीचं ब्लँकेट," मी म्हणाले. त्या पोरीचं तोंड उतरलेलं बघून मला बरं वाटलं.

आज सकाळी एक मुलगी आली, तीन दिवसांची. दोन ब्लँकेटांत गुंडाळलेली, आत केस ओले. तिच्या तळव्यांना हाताची मागची बाजू लावली तर विहिरीच्या पाण्यात हात घातल्यासारखं झालं. आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवली, तरी ऊब यायला दुपार झाली. तोवर मी तिथून हलले नाही. मग माझा तक्ता फाडला आणि नवा लिहिला: बाळ निघण्याआधी गावच्या आशाताईला फोन करायचा, आंघोळ घालू नका, आहे तसंच आणा. वर त्या नव्या नर्सचं नाव घातलं. ते लिहिताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू.

डबा खाताना तिला म्हटलं, "त्या नर्सबाईंचं अजून सांग ना." तर म्हणे बाळ तपासताना तू गाणं म्हणायचीस. आई, तू गायचीस?

मी तुझी मुलगी आहे हे तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती मलाच विचारत बसेल, घरी कशा होत्या म्हणून, आणि मग मला तुझं काही ऐकायला मिळणार नाही.