घोड्याची आई

धरणगाव, चैत्र वद्य एकादशी, संध्याकाळ

गल्लीत व्हिडिओ आणला होता. वर्गणी द्यायचं जिवावर आलेलं, पण माझी सुमन वाचायची त्या उडत्या घोड्याच्या पुस्तकावरचाच पिक्चर, म्हणून गेले. एकादशी असूनही.

सगळ्यांना सगळं समजलं, सगळे खूश. सासूबाई म्हणाल्या, "बठ्ठं समजनं व माय, पुस्तक वाचानी काय गरज शे?" घोडा उडाला, त्यांचे डोळे निवले. मला मात्र रुखरुख लागली. घोडा सरळ उडून गेला. आईला भेटलाच नाही.

मागच्या चैत्रात माझे हात बिबड्यांच्या, ज्वारीच्या पापडांच्या पिठात असायचे आणि सुमन खाटेवरून मला वाचून दाखवायची. तापाने आवाज बारीक झालेला. घोडा उडण्याआधी आईच्या अंगणावर एक फेरी मारतो, म्हणतो, "आई, रडू नको, मी वरून बघतो ना." आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या आधीच गेली पोर.

घरी येताना मी धाकट्या जावेला, कुसुमला, म्हटलं, "मेल्यांनी घोड्याची आई गाळली गं." तिने पुस्तक वाचलंय. ती थबकलीच. "अक्का, पुस्तकात घोड्याला आई नाहीच."

म्हणजे पोर पुस्तकात बघत मनातलं सांगत होती? तिला कळलं होतं? आणि मी बिबड्या थापत हसत होते, पांडुरंगा.

पुस्तक देवघराशेजारच्या फडताळात आहे. मी मॅट्रिक झालेली, सहज वाचून होईल. पण नाही वाचणार. न वाचलेल्यांचंच बरं. मी ऐकलं त्या घोड्याला आई आहे.